न मांडलेला विडा

आमच्या गावच्या नाट्य मंडळाचा वर्षाचा बेत हळद घरात आल्यावर ठरतो. हळद उकडून वाळली, पॉलिश होऊन पोत्यांत भरली, हिंगोलीच्या बाजाराला गेली, की माणसांना नाटक आठवतं. मग सकाळच्या वेळी मारुतीच्या पारावर बैठक बसते. चिटणीस नाटकांची नावं वाचतो आणि प्रत्येक मोठ्या भूमिकेसाठी तबकात एक विडा मांडतो. ज्याला ती भूमिका करायची त्यानं सगळ्यांसमोर विडा उचलायचा. उचलला की माघार नाही, आणि एकदा तबक मांडलं की मागून त्यात विडा घालायचा नाही. हा रिवाज कुणी पाडला ठाऊक नाही, पण पुष्कळ भांडणं त्यानं टाळली आहेत. चिटणीस मी. गावच्या शाळेत शिकवतो, अक्षर बरं आहे, एवढीच माझी लायकी.

संगीत नाटकातल्या राजाचा विडा कायम काकांचा. काका कुणा एकाचे नव्हेत, अख्ख्या गावाचे. थोडी शेती, दोन म्हशी आणि तो गळा. तीन वर्षांपूर्वीच्या प्रयोगात मात्र त्यांनी पहिल्याच अंकात तिसऱ्या अंकातलं पद धरलं. राजा मेलेल्या मुलाचा शोक करत होता आणि मुलगा अजून आत तोंडाला रंग लावत बसला होता. दुसऱ्या कुणी पडदा पाडला असता. आमच्या लोकांनी काकांचा मान राखला. प्रधान रडला, राणी रडली, सगळे निमूट तिसऱ्या अंकात गेले आणि तीन तासांचं नाटक तासाभरात आटोपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलाचं काम करणारा रंगासकट घरी गेला. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, आणि पुढच्या वर्षी काका पुन्हा तसेच चुकले, तेव्हाही नाही.

गेल्या साली बैठकीआधी मंडळातल्या चौघांनी मला गाठलं. काकांना सांगा, म्हणाले, आता विडा उचलू नका, तुमचं ऐकतील. मी दोनदा त्यांच्या दारात गेलो. एकदा चहा पिऊन परत आलो, एकदा चहासुद्धा न पिता. शेवटी एक शहाणपणा सुचला. यादीतून संगीत नाटकच काढून टाकलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

बैठकीला काका इस्त्रीचं धोतर नेसून आले. मागे त्यांची सून होती. ती सहसा पारावर येत नसे. त्या दिवशी बायकांच्या पुढे येऊन बसली. मी दोन नाटकं वाचली, एक कौटुंबिक, एक विनोदी, आणि त्यांचे विडे मांडले. काका तबकाकडे बघत राहिले. मग त्यांनी राजाचा विडा कुठं आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं, तबलजी नांदेडला नोकरीला लागला, यंदा संगीत नाटक जमणार नाही. तबलजी दर रविवारी गावात येतो हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकांनाही.

"गुरुजी, मी उचलणार नव्हतो," काका म्हणाले. "मला कळतंय माझं काय होऊन राहिलं ते. हिला वर्षभर सगळी पदं शिकवली. राजाचा इडा हिनं उचलावा म्हणून घेऊन आलो."

पारावर कुजबुज झाली. बाई राजा होणार का, असं कुणीतरी विचारलं. काका म्हणाले, मी जवानीत नऊवारी नेसून राणी झालो तेव्हा कुणाला तकलीफ झाली नव्हती.

मला इतकी लाज वाटली की मी उठून राजाचा विडा आणायला पानवाल्याकडे निघालो. काकांनी हात धरून बसवलं. तबक मांडलं ते मांडलं, म्हणाले, रिवाज माझ्यासाठी मोडू नका. सुनेनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढल्या वर्षी पाहू, असं काका तिला म्हणाले आणि दोघं घरी गेले. मंडळानं ती दोन नाटकं केली. बरी झाली.

यंदा मी यादीत पहिलं नाव संगीत नाटकाचंच लिहिलं आणि बैठकीआधी सांगायला गेलो. काका अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाले. मी नाटकाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण कुठलं नाटक ते त्यांना उमगत नव्हतं. दोनदा सांगितलं, तरी नाही.

आत सून काम करता करता गात होती. तेच राजाच्या शोकाचं पद. काकांची बोटं बाजेच्या लाकडावर ताल धरू लागली, आणि ताल कुठंही चुकत नव्हता.

"कोण गाऊन राहिलं हो?" त्यांनी विचारलं. "गळा बराबर हाय."

मी म्हणालो, "तुमची सून. तुमीच शिकवलं की तिला."

पाहुण्याकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हसले.

"मी? न्हाई हो. मला कुठं गाता येतं."

आतलं गाणं थांबलं.