सुजलेल्या पायाचं माप

उजव्या पायाचा अंगठा असा सुजला होता की चादरीचा स्पर्शही सोसवेना. इथे दुबईत, करामातल्या डॉक्टरने गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडची सांधेदुखी, म्हणून गोळ्या दिल्या, पण माझा विश्वास कोल्हापूरच्या आमच्या घरच्या डॉक्टरांवर. त्यांनी पत्रातून कळवलं, दोन्ही पाय कागदावर ठेवून आखून पाठव, सूज कळेल. सुटीवर निघालेल्या सहकाऱ्याकडे मी तो कागद कोल्हापूरच्या घरी द्यायला दिला. डॉक्टरांकडे पोचवा, एवढं लिहायचं मात्र घाईत राहिलं.

मग नुसती चिडचिड. डॉक्टरांच्या उत्तरासाठी ऑफिसच्या पोस्ट बॉक्सकडे लंगडत फेऱ्या, ताटात पथ्याला वर्ज्य डाळ दिसली की बायकोवर डाफरणं.

सहकारी परतला तो कोल्हापुरी चपला घेऊन. गल्फमधून पाय आखलेला कागद आला म्हणजे चपलांचं माप, असं धरून वडिलांनी तो थेट चपला शिवणाऱ्याकडे नेला होता. त्यानेही उजवी चप्पल डावीपेक्षा बोटभर रुंद केली होती. तोवर सूज उतरलेली. वैतागून मी त्या कपाटात टाकल्या.

पुढच्या खेपेला अंगठा सुजला तेव्हा ऑफिसचा बूट चढेना. शेवटी ती उजवी चप्पल काढली. पाय अलगद आत गेला, कुठेही न दुखता.