आत्याच्या तपकिरी बाटल्या

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आमची आत्या माणसांत नसते. आदल्या दिवसापासून ती डोक्याला तेल लावत नाही, हाताला क्रीम लावत नाही, वासाच्या साबणाला शिवत नाही. आल्यागेल्याला दारातच हुंगते.

"अत्तर मारलंयस?"

"नाही गं आत्या, कपड्यांच्या साबणाचा वास आहे."

"मग लांब बस."

मी तिची सख्खी भाची. पण मंगळवारी मी तिच्या लेखी कार्बनचा एक चालताबोलता गोळा असते.

हा सगळा खटाटोप एका तपकिरी बाटलीसाठी. तळ्यात पानं कुजतात, मासे जगतात-मरतात, माती झिरपते आणि या सगळ्याचा अर्क चहासारखा पाण्यात उतरतो, फक्त डोळ्याला दिसत नाही. त्यात विरघळलेला कार्बन किती, हे लांबच्या एका प्रयोगशाळेला दर महिन्याला हवं असतं. आत्याच्या तळ्याचं उत्तर ठरलेलं: लिटरमागे तीन मिलिग्रॅम, थोडं इकडेतिकडे. म्हणजे चिमटीतही येणार नाही एवढं. बाटलीला तेलाचं बोट लागलं, तर तळ्याऐवजी आत्याचं डोकंच मोजून व्हायचं.

म्हणून प्रयोगशाळा बाटल्या भट्टीत भाजून, चांदीच्या कागदात गुंडाळून पाठवते. त्या धुवायच्यासुद्धा नसतात. आत्या धक्क्याच्या टोकाला वाकते, पाणी घेते, काचेच्या धाग्यांच्या गाळणकागदातून गाळते आणि बाटलीत भरते. मग आम्लाचे दोन थेंब. का, तर पाण्यातले सूक्ष्म जीव बाटलीत कोंडले तरी जेवायचे थांबत नाहीत. मोजायच्या आत निम्मा कार्बन फस्त! झाकण लागलं की बाटली बर्फाच्या पेटीत, अंधारात. तोवर आत्या बाटलीच्या तोंडावर श्वासही सोडत नाही. एरवी तिला गप्प बसवणं आतोबांना तीस वर्षांत जमलेलं नाही.

आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. छत्तीस वर्षं लोकांच्या काचा पुसल्या आणि चार महिन्यांपूर्वी दुकान बंद करून घरी बसले. बसले म्हणायचं इतकंच. पहिल्या आठवड्यात घरातल्या खिडक्या झाल्या, दुसऱ्यात फोटोंच्या काचा. तिसऱ्या आठवड्यात मी सहज गेले, तर माझ्या नाकावरून माझा चष्मा काढून घेतला. पुसून परत दिला तेव्हा कळलं, की त्यांच्या भिंतीचा रंग पिवळा आहे.

त्याच सुमाराला तळं बिघडलं. पहिल्या महिन्यात आकडा आला नऊ. दुसऱ्यात अकरा.

आत्याने तळ्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. कुठे सांडपाणी येत नव्हतं, काही मेलेलं नव्हतं. मग संशयाची सुई माणसांवर आली. माझ्या गाडीच्या आरशाला टांगलेलं सुगंधी कागदी झाड हद्दपार झालं. धक्क्यावर सिगरेट ओढणाऱ्या एका निरुपद्रवी गृहस्थांना आत्याने असं काही सुनावलं, की ते सिगरेटच काय, तळंच सोडून गेले. तिसऱ्या महिन्यात ती स्वतःच्या केसांवर टोपी चढवून गेली. आकडा: दहा.

प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आत्याने फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला.

"मॅडम, या खेपेला तुम्हाला एक बाटली आमच्याकडच्या शुद्ध पाण्याने भरायला सांगितली होती ना? तिच्यातही सात निघाले."

"शुद्ध पाण्यात सात?"

"हो. म्हणजे तळं सुटलं. जे काही आहे ते तुमच्या हातून होतंय. पुढचा नमुनाही असाच आला, तर तुमचं तळं यादीतून काढायचं ठरलंय. आणि कारण सापडलं नाही, तर आधीच्या चौदा वर्षांवरही प्रश्नचिन्ह येईल."

आत्याने फोन ठेवला. चौदा वर्षांत तिने एक मंगळवार चुकवला नव्हता. माझ्या लग्नालाही ती बर्फाची पेटी घेऊन, उशिरा आणि बिनतेलाच्या डोक्याने आली होती. फोटोत आहे.

नवी पेटी आली तशी तिने ती जेवणाच्या टेबलावर उघडली. हातमोजे, गाळणकागद, आम्लाची कुपी, बाटल्या, सगळं ओळीने मांडलं. "चोर यातच आहे," ती म्हणाली. "एकेक वस्तू बघायची. अहो, तुम्हीही या. तुमची नजर बारीक आहे."

चार महिन्यांत त्यांना कुणी कामासाठी हाक मारली नव्हती. आतोबा ताठ होऊन आले. एक बाटली उचलली, चांदीचा कागद उलगडला, पण असा, की एक घडी मोडली नाही. बाटली खिडकीच्या उजेडात धरली. एक डोळा मिटला. आणि आमच्या देखत, अगदी सवयीने, खिशातून फवाऱ्याची इवलीशी बाटली काढली.

फुस्स.

मग तारेला गुंडाळलेलं मऊ फडकं निघालं. ते बाटलीच्या आत गरगर फिरलं. लिंबाचा मंद वास सुटला.

"अहो..." आत्याचा आवाज खोल गेला होता. "हे काय केलंत?"

"डाग होता."

"कुठे?"

"होता. आता नाही."

"असं याआधी किती वेळा केलंय?"

"दर महिन्याला!" आतोबा खुलले. "सगळ्या बाटल्या. आतूनसुद्धा. तुला सांगितलं नाही, म्हटलं कामात कशाला व्यत्यय. अगं, कसल्या मळकट बाटल्या पाठवतात ते लोक! तुझं नाव असतं त्यांच्यावर. मला बघवेना."

"त्या फवाऱ्यात काय असतं?"

आतोबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरं वाचली. "अल्कोहोल. साबणाचा अंश. लिंबाचा सुवा..." तिथे ते अडकले. तीस वर्षं आत्याशी संसार केल्यावर कार्बन कशात असतो हे दगडालाही कळेल. ते हळूच खाली बसले.

"म्हणजे मीच?"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण आत्याने फक्त टेबलावरचा तो फवारा उचलला, हुंगला आणि मला म्हणाली, "तीन महिने मी याच्याच शेजारी जेवतेय, आणि हुंगत काय फिरतेय, तर तुला!"

"प्रयोगशाळेला माझं नाव कळव," आतोबा म्हणाले. "तुझी चौदा वर्षं का जावीत?"

"कळवणारच आहे. तुम्हाला काय वाटलं, झाकून ठेवीन?"

त्या मंगळवारी उरलेल्या बाटल्या कुलपात होत्या आणि किल्ली आत्याच्या गळ्यात. आतोबांनी यायचा हट्ट धरला. वारा तळ्याकडून येत होता, म्हणून आत्याने त्यांना धक्क्याच्या मागच्या टोकाला उभं केलं. तिने श्वास रोखून बाटली भरली, थेंब टाकले, झाकण लावलं. बाटलीवर बाहेरून एक ओघळ उतरला. आतोबांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"हात मागे!"

हात मागे गेले. ओघळ मात्र ते वाळेपर्यंत बघत राहिले, बिचारे.

मग आत्याने बाटली आणि पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. "झाकण बंद आहे. आता बाहेरून काय करायचं ते करा. लेबल लिहा. माझं अक्षर कुणाला लागत नाही."

चष्म्याचे नंबर लिहून घोटलेलं त्यांचं अक्षर मुंगीएवढं आणि मोत्यासारखं. तारीख, वेळ, पाण्याची खोली त्यांनी दहा मिनिटं लावून लिहिली. आत्या फॉर्मवर झुकली होती. "मागील दूषित नमुन्यांचं कारण" या रकान्यात तिने लिहिलं: नवरा. "केलेला उपाय" यात: वाऱ्याच्या उलट बाजूला उभा केला आहे.

दहा दिवसांनी फोन आला. आत्याने ऐकलं, "बरं" म्हणाली, ठेवला, आणि डोळे पुसत म्हणाली, "तीन पूर्णांक एक दशांश. जुने आकडेही राहणार."

"आणि लेबलाबद्दल काही म्हणाल्या?" आतोबांनी विचारलं.