मॉनिटरवर दिसलेला आईचा कागद

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला वाचते. कुणाला माळ्यावर पावलं ऐकू आली की मला उंदीर आठवतात. कुणाला पांढरी आकृती दिसली की मी विचारते, चष्म्याचा नंबर काय?

आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. त्यात मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्की. म्हणूनच हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

२००९ साल, मार्चमधला एक रविवार. मी आणि आई कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहत होतो, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि गॅलरी. धाकटा भाऊ मिलिंद बंगलोरला कंपनीत, तो शनिवार-रविवार जोडून आला होता.

सकाळपासून आईचं पोट दुखत होतं. आधी तिनं ते गॅसवर ढकललं, ओवा खाल्ला. अकराच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या आणि ती चक्क गप्प झाली. आमची आई गप्प होणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मिलिंदनं तिला कॉटवरून उचललं, मी खाली रिक्षा थांबवली. उचलताना कॉटवरची त्याची बॅग फरशीवर आपटली. तेव्हा तिकडे कुणी बघितलंही नाही.

राजारामपुरीतल्या एका हॉस्पिटलात तपासणी झाली. हर्नियात आतडं अडकलं होतं. ऑपरेशन आजच, लवकरात लवकर. मग भूल देणारे डॉक्टर आले. साठीचे, शांत बोलणारे.

"याआधी कधी भूल दिली होती?"

मिलिंद म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी बंगलोरला. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा. पण सर... त्या वेळी काहीतरी झालं होतं. ऑपरेशन संपलं, तरी आई कितीतरी तास स्वतःहून श्वासच घेत नव्हती. मशीनवर ठेवलेली."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कोणत्या औषधानं?"

"नाव न्हाय आठवत. त्यांनी कागद दिला होता. परत हे इंजेक्शन द्यायचं नाही म्हणून."

"कुठाय तो कागद?"

कागद बंगलोरच्या खोलीत, खोलीला कुलूप, रूम पार्टनर गावी गेलेला. तिकडच्या हॉस्पिटलात फोन लावला, तर रेकॉर्डचा विभाग सोमवारी उघडणार. डॉक्टर म्हणाले, "माझा एक अंदाज आहे, पण दोन-तीन कारणं असू शकतात. अंदाजावर जायची माझी इच्छा नाही. आम्ही तयारी करतो. चार वाजेपर्यंत थांबेन, त्यापुढे आतड्याला धोका आहे."

तेवढ्यात मिलिंदचा चेहरा उजळला. "सर, स्कॅन हाय की! माझ्या लॅपटॉपवर!"

माझी स्कूटर घेऊन मागोमाग आलेल्या शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून आम्ही दोघं त्याच स्कूटरवरून घरी आलो. बॅग उघडली. लॅपटॉप सुरू झाला, पंखा फिरला, सुरू होतानाची धूनही वाजली. पण स्क्रीनवर नुसता काळोख आणि कोपऱ्यातून गेलेला आडवा तडा.

मिलिंदनं तड्यावरून बोट फिरवलं. "ताई, मीच ठेवलेली गं बॅग तिथं..."

त्याला बोलायचीही सवड दिली नाही मी. माळ्यावर माझा १९९९ सालचा मॉनिटर होता. पंधरा इंची, मागं भलं मोठं पोट असलेला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. तो खाली काढला, टेबलावर ठेवला. आणि मग कळलं की दोघांचं जुळणारच नाही. मॉनिटरची वायर जुन्या पद्धतीची, निळ्या तोंडाची, पंधरा पिनांची. मिलिंदचा लॅपटॉप त्याच्या साहेबानं परदेशातून आणलेला, अगदी सपाट, त्याला ती जागाच नाही. फक्त एचडीएमआयचं चपटं भोक.

अस्लमभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान दोन गल्ल्या सोडून. रविवारी बंद, पण ते वरच राहायचे. हाक मारली तसे बनियनवरच खाली आले. त्यांच्या भागात लोडशेडिंग चाललं होतं. टॉर्चच्या उजेडात त्यांनी ड्रॉवर उपसला.

"हार्ड डिस्क काढून देऊ का मॅडम? पण ह्याची पिन येगळीच दिसतीया. उद्या सांगलीस्नं मागवतो."

"उद्या न्हाय, अस्लमभाई. आईचं ऑपरेशन हाय. चारच्या आत पायजे."

त्यांनी ड्रॉवर पुरताच बाहेर ओढला. मग तळातून काळा, बोटभर लांबीचा एक अ‍ॅडाप्टर काढला. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला जुनं तोंड. "एक गिऱ्हाईक परत देऊन गेलतं. चालत न्हाय म्हणत हुतं. माझ्याकडं लाइट न्हाय, न्हायतर इथंच बघितलं असतं. न्या. लावून बघा."

हातात घेतल्याबरोबर मला कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते. नवा लॅपटॉप चित्र आकड्यांच्या रूपात पाठवतो, जुन्या मॉनिटरला ती भाषा येत नाही. मध्ये भाषांतर करणारं छोटं सर्किट लागतं. त्या डबीत सर्किट मावायला जागाच नव्हती. परतताना मी स्कूटरवर ओरडून सांगितलंही, "मिल्या, ह्यानं व्हायचं न्हाय!"

"लावून तर बघू की!" तो म्हणाला. मला वाटतं तो रडत होता.

जोडलं. मॉनिटरचं बटण दाबलं. तो जुना 'ठण्ण' आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर एक चौकट तरंगायला लागली— नो सिग्नल. मिलिंदनं लॅपटॉपची बटणं दाबली, वायर काढली, परत लावली. नो सिग्नल. भिंतीवर तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी डॉक्टरांना फोन लावला. सांगणार होते की सर, नाही मिळत, तुम्ही तुमच्या अंदाजानं...

पलीकडून "हॅलो" आलं आणि मॉनिटरमध्ये 'टिक' असं वाजलं.

आधी हिरवट झाक आली. मग ती विरली आणि मिलिंदचा डेस्कटॉप समोर होता. स्वच्छ. रंगीत. आम्ही दोघांनीही हात लावलेला नव्हता.

"ताई..."

"उघड! फाईल उघड!"

त्यानं 'आई' नावाचं फोल्डर उघडलं. स्कॅन आला. टाईप केलेला इंग्रजी मजकूर, मधल्या एका शब्दाभोवती लाल पेनानं वेटोळं, खाली निळ्या शाईत सही. डाव्या कोपऱ्यात स्टेपलरच्या पिनेचा गंजका डाग. तो कागद मी त्याआधी कधीच बघितला नव्हता. ते ऑपरेशन झालं तेव्हा मी कोल्हापुरात परीक्षेच्या ड्युटीवर होते. तो लांबलचक शब्द मला उच्चारताही येईना.

"सर, स्पेलिंग सांगते. एस फॉर सांगली. यू फॉर उदगाव. सी फॉर चंदगड, परत सी फॉर चंदगड. आय फॉर इचलकरंजी. एन फॉर निपाणी. वाय फॉर... वाय फॉर काय रे?"

"यड्राव!" मिलिंद ओरडला.

"वाय फॉर यड्राव. एल फॉर—"

"कळलं, कळलं," डॉक्टर म्हणाले. "पुढचं मला पाठ आहे. सक्सिनिलकोलीन. लाल वेटोळं त्याच शब्दाभोवती आहे ना? नक्की?"

"नक्की सर."

त्यांनी आत कुणाला तरी ते इंजेक्शन बाजूला ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "अशा पोटाला पटकन भूल द्यायची तर पहिलं हातात येतं ते हेच. बरं झालं सांगितलंत. या तुम्ही."

मी फोन ठेवला. मिलिंद म्हणाला, "थांब, कागदावर उतरून घेतो." तो पेन शोधायला वळला, तोवर पुन्हा 'टिक' झालं. काळा पडदा, तरंगती चौकट. नो सिग्नल. त्यानंतर काहीही केलं तरी चित्र आलं नाही.

ऑपरेशन झालं. सात वाजता डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही दोघं बाकावर एकमेकांना टेकून बसलो होतो. "श्वास उत्तम," ते म्हणाले. "शुद्धीवर येताच पहिलं काय विचारलं माहितेय? मिल्या जेवला का." मिलिंद तिथंच, सगळ्या लोकांदेखत, हमसून हमसून रडला. मी नाही रडले. मी उपाशीपोटी तीन कप चहा प्यायले आणि मग बेसिनजवळ जाऊन रडले.

बुधवारी अ‍ॅडाप्टर परत द्यायला गेले. अस्लमभाईंनी तो आपल्या मॉनिटरवर लावला. काही नाही. दुसऱ्यावर, काही नाही. मी कॉलेजातून मल्टिमीटर आणला होता. अखंड तार असली की तो बीप करतो. लाल रंग वाहून नेणारी पिन तपासली— बीप नाही. हिरवी— नाही. निळी— नाही. शेवटी अस्लमभाईंनी पातं घेऊन डबी कापली. आत रंगांच्या तिन्ही पिना मोकळ्या होत्या. त्यांना कधी तार जोडलेलीच नव्हती.

"मॅडम," अस्लमभाई हळूच म्हणाले, "ह्यातनं तुम्ही लाल वेटोळं बघितलं?"

लाल वेटोळं. निळी सही. मी मल्टिमीटर बंद केला.

तुमच्या मनात येईल ते माझ्याही मनात आलं. मिलिंदला तो शब्द आत कुठंतरी आठवत असेल, दोघं भेदरलेलो, काळ्या पडद्यावर भास झाला असेल. म्हणून मी एक केलं. मिलिंद स्क्रीन बदलायला बंगलोरला गेला, त्याआधी मला दिसलेला कागद मी वहीत काढला. वेटोळं कुठं, सही कुठं, डाग कुठल्या कोपऱ्यात, सगळं. वही त्याच्याकडे दिली नाही. स्क्रीन बसल्यावर त्यानं स्कॅन मला पाठवला. पिनेचा डागसुद्धा तिथंच. त्याला स्वतःला तो डाग आठवत नव्हता.

मग शंका राहते ती एकच, चित्र आलं कुठून? सहकाऱ्यांना विचारलं. एकानं म्हटलं, दुसरा अ‍ॅडाप्टर लावला असशील. दुसरा होताच कुठं? एकानं विचारलं, एखाद्या शोरूममधल्या नव्या टीव्हीला का नाही जोडलं? बरोबर आहे, पण तेव्हा सुचलं नाही. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हांस्नी दिसलं न्हवं? मग झालं की." तिच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

माझ्या दृष्टीनं संपलेला नाही. कुणी उपकार केले असं मी म्हणत नाही, कारण कुणाचं नाव घ्यावं ते मला माहीत नाही. वर्गात मुलांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

पण कधीतरी दुपारी स्टाफरूममध्ये बसलेली असताना तीन वीसची आठवण येते. मग मी घरी फोन लावते. रिंग वाजते... वाजत राहते... आणि पलीकडून आवाज येतो, "आता कशाला फोन केलाईस गं? दूध उतू गेलं की!"

मी सॉरी म्हणते आणि फोन ठेवते. मग खडू घेऊन पुढच्या तासाला जाते.