साहेबांची सूसची सहल

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट.

आमच्या साहेबांनी भूमध्य समुद्राकाठच्या सूस गावची सहल ठरवली होती. उद्याचं विमान. जुना किल्ला, समुद्रासमोरची खोली. महिनाभर गाडी चालवताना मी हेच ऐकत होतो.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नाला रजा नाकारताना हेच साहेब म्हणाले होते, "शिंदे, कन्यादान काय, तुमचा भाऊ करेल की!" भावानेच केलं.

आज त्यांचा देशाबाहेर जायचा परवाना आणायला मला इथल्या वाळवंटातल्या दुखानहून राजधानी दोह्याला पाठवलं. गुरुवार, कचेरी बाराला बंद. वाटेत गाडी थांबवून मी रामरक्षा म्हटली. सावकाश, दोनदा. पोचलो तर कुलूप. शुक्रवारी सुट्टी, आता शनिवारीच उघडणार.

साहेब खूप ओरडले. मी म्हणालो, "साहेब, समुद्र कुठे पळतोय?"

मंडळी, देवाचं नाव सावकाश घेणं पाप आहे का?