मध्ययुगीन घर आणि आईची गुढी

अमेरिकेत शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं आमचं टाउनहाऊस मध्ययुगीन होतं. निदान बिल्डरच्या गुळगुळीत माहितीपत्रकात तरी तसंच लिहिलं होतं. पांढऱ्या भिंतींवर आडव्यातिडव्या काळ्या तुळया, चौकटी-चौकटींच्या काचा, उतरतं छप्पर. जुन्या इंग्लंडातल्या एखाद्या लोकरीच्या व्यापाऱ्याचं घर वाटावं. वयाने मात्र ते आमच्या गाडीपेक्षा लहान होतं.

या वारशाच्या रक्षणासाठी सोसायटीची कमिटी होती. अध्यक्ष समोरच्या रिटायर्ड बाई. पडद्याचा रंगसुद्धा शैलीला धरून हवा, असं त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं. मी टाय लावून गेलो होतो. वारशाच्या बाजूने सगळ्यात आधी हात माझाच वर गेला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट ही. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं आणि आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. वर्षभर घरात सण नव्हता, म्हणून या पाडव्याला गुढी हवीच होती. साखरेची गाठी तिने पुण्याहून बॅगेत जपून आणलेली. काठी मॉपची, तांब्या आमचा, खण तिचा. मार्चमधल्या त्या थंडीत कडुनिंब कुठला? कोथिंबीर बांधली. वरच्या खिडकीबाहेरच्या तुळईला मी गुढी करकचून आवळली.

लगेच बेल वाजली.

"हे काय आहे?" बाई.

"आमचं नवीन वर्ष."

"मार्चमध्ये? सॉरी, शैलीत बसत नाही. काढा."

मी गुढी काढायला जिना चढू लागलो.

"कुठे निघालास?" वरच्या खिडकीपाशी बसलेली आई तिथूनच म्हणाली. "सूर्य मावळला का?"

"आजी, इट्स अगेन्स्ट द रूल्स," माझी मुलगी. लेक बापावर गेलेली.

"तुझ्या आजोबांनी एक पाडवा चुकवला नाही. आणि तुझा बाप एका बाईला घाबरतो!"

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. कर्रकन आवाज झाला. आईने खिडकीतून वाकून काठी धरली. तुळई मात्र भिंतीवरून सुटली, दोरीतून निसटली आणि हेलकावे खात बाईंच्या पुढ्यात उतरली. धप्पकन आवाजसुद्धा नाही.

"अरे, हे तर खोकं आहे!" आई वरून ओरडली.

बाईंनी आपला मध्ययुगीन वारसा एका हाताने उचलला, आत डोकावल्या, आणि मग समोरच्या स्वतःच्या घराकडे बघत राहिल्या. तिथेही तशाच तुळया होत्या.

"हे बाकीच्यांना सांगायची गरज नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"आणि गुढी? सूर्य मावळला की उतरवायचीच असते." हे मीच म्हटलं. माझं मलाच आश्चर्य वाटलं.

"सूर्य मावळेपर्यंतच ना?"

मी गुढी खिडकीच्या कडीला बांधली, तोवर आईने काठी सोडली नाही. संध्याकाळी तिने गुढी स्वतः उतरवली आणि गाठीचा एक तुकडा बाईंनाही पाठवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खिळे मारून तुळई पुन्हा बसवली. मी खाली शिडी धरून उभा होतो. वारशाच्या बाजूने.