जन्नतचा नमुना आणि बर्फ

नमुना वाहून नेणाऱ्या इसमाचे वर्णन: अझीम, वय सदतीस, राहणार जयगड. व्यवसाय मुंबईस मासळी पाठवणे. रुग्ण जन्नत हिचा धाकटा भाऊ. वैद्यकीय शिक्षण निरंक. बाटली सुपूर्द केली, सही घेतली.

बाटलीत जन्नतचं डावं अंडाशय होतं. २००१च्या मार्चमध्ये रत्नागिरीत ते काढलं, पण डॉक्टरांना हा नेहमीचा कॅन्सर वाटेना.

"लिम्फोमा असू शकतो," ते म्हणाले. "अंडाशयात फार क्वचित दिसतो. तसा असेल तर पुढचं मोठं ऑपरेशन नको, इंजेक्शनांनी विरघळतो. मुंबईची लॅब सांगेल."

बहिणीचं पोट पुन्हा फाडायचं की नाही, हे बाटलीवर आहे, एवढं अझीमला नीट कळलं. तिथंच घात झाला. बाटलीतल्या पाण्याला उग्र वास होता, डोळे चुरचुरत होते. आणि वीस वर्षं मासळी धाडणाऱ्याचा नियम एकच: वास आला की पाणी टाका, बर्फ भरा. एसटी पकडण्याआधी त्यानं ते पाणी ओतलं, अंडाशय धुतलं आणि पापलेटासारखं बर्फात बसवलं.

"फॉर्मलिन कुठाय?" लॅबमधल्या बाईंनी विचारलं.

"ते नासकं पाणी? टाकलं. बर्फ ताजा आहे."

"अहो, त्या पाण्यातच ते टिकणार होतं."

घरी जन्नतनं सगळं ऐकून घेतलं. "अझ्या, माझं पापलेट केलंस होय रे?"

"बुबू, वास मारत होता."

"तुझ्या टोपल्या काय अत्तराच्या आहेत?"

पंधरा दिवसांनी लॅबचं पत्र आलं: 'पेशी फुगून फुटल्याने निदान शक्य नाही. त्याच अवयवाचा ताजा नमुना पाठवावा.' काढलेला अवयव परत बसवून पुन्हा काढण्याची सोय रत्नागिरीत नव्हती. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, तर उजवीकडेही लिंबाएवढा गोळा निघाला. त्याचा तुकडा सुईनं घेतला. या खेपेला अझीमनं झाकणाला हात लावला नाही.

लॅबमधलं पेशी रंगवायचं रसायन संपलं होतं, म्हणून अहवालाला पाच आठवडे लागले. लिम्फोमाच होता. ऑपरेशन टळलं, इंजेक्शनांच्या सहा फेऱ्या ठरल्या. अहवालाच्या तळाशी शिक्का होता: 'नमुना योग्य स्थितीत प्राप्त. कार्यवाही विनाविलंब पूर्ण.'

औषधाचं प्रमाण ठरवायला जन्नतला काट्यावर उभं केलं. मार्चपासून ती बारा किलोनं उतरली होती.