इंजिन बंद पडलेलं यान

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, पूर्णेहून व्हिडिओ भाड्यानं आणला. टीव्ही गोधडीत गुंडाळून चुडाव्यापर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीत. दिवाळसणाला जावई आलेला, मग हौसेला काय तोटा. सगळ्यांना वाटलं, सिनेमा देवाचा नाहीतर मारधाडीचा असेल. आण्णांनी आणला इंग्रजी, आकाशातल्या लढाईचा. ह्यात विज्ञान आहे, असं दुकानदारानं सांगितलं होतं म्हणे. भावकीशी भांडून त्यांनी मला परभणीला ठेवून बी.एस्सी. केलं होतं. पोरीला शिकवून काय मिळालं, हे चुलत्यांना एकदा दाखवायचं त्यांच्या मनात होतं. मला ते कळत होतं.

दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला. जावयाला गादी आणि लोड, बाकी भावकी सतरंजीवर. टीव्हीत यानं गिरट्या घालत एकमेकांवर तुटून पडत होती, धडाधड फुटत होती. आमचे हे कचेरीत कारकून, पण आवाज तहसीलदाराचा.

"वर हवाच नाही, तर आवाज कसा येईल?" ते म्हणाले. बरोबर होतं. हवा नसताना पंखांवर कलून वळायचं कसं, हेही बरोबर. इतकी यानं एका रांगेत उभी करून शत्रूला आयती कोण देतं, असंही विचारलं. सगळे माना डोलवत होते. मलाही कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मग एका यानाचं इंजिन बंद पडलं, तरी ते पुढं जातच राहिलं. हे हसले. "ह्या निव्वळ थापा. इंजिन बंद पडलं की जागेवर थांबणार."

अख्ख्या सिनेमात तेवढंच खरं होतं. अडवायला हवाच नाही, तर ते थांबेल कशाला?

आण्णा माझ्याकडं वळले. "तू तर ह्येच शिकलीस न्हवं? सांग बरं, थांबंल का जाईल?"

चुलते मागं वळून बघायला लागले. आमच्यात दिवाळसणाच्या जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. तो भाजी अळणी म्हणाला, तर ती अळणीच. आईनं मागून माझा पदर ओढला.

"हे म्हणतात तसंच असंल," मी म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं."

"मंग इतकी वरसं कालेजात काय केलं?" थोरले चुलते म्हणाले. सगळे हसले. मला झाकून घ्यायला आण्णाही हसले.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटी बहीण दहावी झाली. तिलाही सायन्सला जायचं होतं. "थोरलीनं शिकून काय दिवे लावले?" म्हणत चुलत्यांनी ओसरीवर तीच दुपार उकरून काढली. ह्या खेपेला आण्णा भावकीशी भांडले नाहीत. तिची शाळा थांबली आणि दोन वर्षांनी सोनपेठला लग्न ठरलं.

हळदीच्या दिवशी तिनं मला हळूच विचारलं, "आक्का, तुला खरंच येत नव्हतं का गं?"

मी खाली मान घालून तिच्या हातांना हळद लावत राहिले.